वार्धक्य आणि चर्वणाचे स्नायू

महासतिपट्ठान सुत्तात जरेची लक्षणे सांगताना तथागतांनी केस पिकणे व कातडीला सुरकुत्या पडणे यांबरोबर दात तुटण्याचाही उल्लेख केला आहे. पडलेला दात सर्वांना दिसतो. परंतु ते दात चालविणारे स्नायूही म्हातारे होतात, याकडे आपले लक्ष जात नाही.

चर्वणाच्या मुख्य स्नायूंच्या चार जोड्या आहेत. गालातील मॅसेटर, कानशिलावरील टेम्पोरॅलिस आणि जबड्याच्या आतील बाजूचा मध्य टेरिगॉइड हे जबडा मिटतात. चौथा, पार्श्व टेरिगॉइड, जबडा पुढे आणतो व तोंड उघडण्यास मदत करतो. विद्यार्थ्यांनी दात घट्ट आवळून गालाच्या मागच्या भागावर बोटे ठेवावीत. जो टणक उंचवटा लागतो तो मॅसेटर होय.

वय वाढते तसे हे स्नायू पातळ होतात व त्यांत चरबीचे प्रमाण वाढते. सीटी स्कॅनच्या अभ्यासांत असे आढळले, की ज्यांचे सर्व दात गेले आहेत त्यांच्यात ही झीज अधिक असते. काम नाही, म्हणून बळ नाही. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. म्हातारपणी हातापायांतील जलद तंतू अधिक झिजतात व मंद तंतूंचा वाटा वाढतो. स्वीडनमधील संशोधकांना १९९० च्या दशकात मॅसेटरमध्ये मात्र याच्या उलट बदल दिसला. म्हणजे शरीरातील सर्व स्नायू एकाच रीतीने म्हातारे होत नाहीत.

आता आपल्या कामरगावकडे पाहू. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आईबापांचे बोट धरून दीक्षाभूमीवर गेलेली त्या पिढीची मुले आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. ज्वारीची भाकर चावत नाही म्हणून अनेक घरांत म्हातारी माणसे चहा-बिस्किटांवर दिवस काढतात. डाळ, उसळ, भाजी ताटातून जाते, अंगातली ताकद जाते आणि घरचे म्हणतात, "वयच झालं आता." हा सर्वस्वी वयाचा दोष नाही. पूर्ण कवळीने चावण्याचे बळ नैसर्गिक दातांच्या साधारण चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकेच असते, तरीही कवळी बसविल्यास स्नायूंना काम मिळते. तोपर्यंत भाकर वरणात कुस्करून द्यावी, डाळ घोटून व भाजी मऊ शिजवून द्यावी. पण ताटातून काढू नये.

तरुणांना एकच सांगणे आहे. खर्रा व सुपारीने तोंडाच्या आतील अस्तर कडक होऊन तोंड उघडेनासे होते आणि कर्करोगाचा धोका वाढतो. म्हातारपणी यायचे ते दुखणे विशीतच ओढवून घेऊ नका.

जरा कोणालाच चुकलेली नाही. परंतु आपल्या म्हाताऱ्यांच्या ताटात काय वाढायचे, हे आपल्या हाती आहे. जयभीम!