एका संगणकात दोन कार्यप्रणाली

संगणकाची कळ दाबल्यापासून पडद्यावर चित्र उमटेपर्यंत जे थोडे क्षण जातात, त्यांत यंत्राच्या आत सत्तेचे हस्तांतर होत असते. मुख्य पाटीवरील चिपमध्ये कायम साठविलेला प्रोग्राम प्रथम जागा होतो. यास फर्मवेअर म्हणतात. तो डिस्कच्या एका राखीव भागातून बूटलोडर नावाचा लहान प्रोग्राम उचलतो, आणि बूटलोडर कार्यप्रणालीचा गाभा स्मृतीत आणून कारभार तिच्या स्वाधीन करतो. त्या राखीव भागात प्रत्येक प्रणालीस आपापला कप्पा असतो. म्हणूनच विंडोज आणि लिनक्स एकाच यंत्रावर नांदू शकतात. मात्र एका वेळी एकच चालते.

आता प्रश्न असा की, फर्मवेअरने कोणत्या प्रोग्रामवर विश्वास ठेवावा? जयपूरच्या चांदपोल अथवा सूरजपोल दरवाजावर एखादा पहारेकरी आहे, अशी कल्पना करा. केवळ पोशाख पाहून तो माणसास आत सोडू लागला, तर तटबंदी व्यर्थच. त्याने परवान्यावरील मोहोर आपल्याजवळच्या नमुन्याशी ताडून पाहिली पाहिजे. सिक्युअर बूट ही हीच योजना होय. प्रोग्राम तयार करणारा आपल्या गुप्त किल्लीने त्यावर गणिती स्वाक्षरी करतो. तिच्या जोडीची उघड किल्ली फर्मवेअरमध्ये नोंदलेली असते. प्रोग्रामातील एक अक्षर जरी बदलले, तरी स्वाक्षरी जुळत नाही आणि प्रवेश नाकारला जातो. ज्या स्वाक्षऱ्या पुढे धोक्याच्या ठरल्या, त्यांची निषिद्ध यादीही वेगळी ठेवलेली असते. या दक्षतेचे कारण उघड आहे. कार्यप्रणालीच्या आधीच आत शिरलेला घातक प्रोग्राम पुढे बसणाऱ्या सर्व पहाऱ्यांना फसवू शकतो.

परंतु मोहोर कोणाची? २०१२ साली विंडोज ८ बाजारात आली, तेव्हापासून बहुतेक संगणकांत मायक्रोसॉफ्टच्या किल्ल्या कारखान्यातच घातलेल्या असतात. एका प्रणालीच्या मालकाने दुसरीच्या प्रवेशाचा परवाना द्यावा, ही व्यवस्था सोयीची खरी. न्याय्य आहे असे मात्र म्हणवत नाही. लिनक्सच्या मंडळींनी यातून चतुर मार्ग काढला. त्यांनी ‘शिम’ नावाचा छोटा प्रोग्राम लिहून त्यावर मायक्रोसॉफ्टची स्वाक्षरी घेतली. शिम म्हणजे सुताराची पातळ पाचर. ही पाचर दारात बसली की पुढची तपासणी लिनक्स वितरणाच्या स्वतःच्या किल्लीने होते. यंत्राच्या धन्यालाही आपली किल्ली नोंदविता येते. त्यासाठी यंत्र पुन्हा सुरू होताना यंत्रासमोर बसून परवलीचा शब्द द्यावा लागतो. दूरवरचा चोर ते करू शकत नाही, हेच त्यातील मर्म.

हा समतोल नाजूक आहे, याचा प्रत्यय ऑगस्ट २०२४ मध्ये आला. जुन्या, सदोष बूटलोडरांना मज्जाव करणारी एक सुधारणा विंडोजमार्फत पोहोचली. दोन प्रणाली असलेली यंत्रे तिच्यातून वगळावयाची होती. पण सर्व यंत्रे ओळखली गेली नाहीत, आणि अनेकांचे लिनक्स सुरूच होईना. उपाय असा होता: सिक्युअर बूट तात्पुरते बंद करावयाचे, लिनक्समध्ये जाऊन तो नवा मज्जाव पुसावयाचा, शिम अद्ययावत करावयाचा आणि पहारा पुन्हा बसवावयाचा. शेवटची पायरी गाळली तर काय? पहारेकरी अडवतो म्हणून दरवाजाच काढून टाकण्यासारखे हे झाले.

शाळेच्या संगणकावर हा प्रयोग करणाऱ्याने प्रथम सर्व फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. विंडोजची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर तिची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरून ठेवावी. फर्मवेअरमध्ये फेरफार होताच यंत्र ती मागू शकते, आणि ती नसेल तर फायली कायमच्या गेल्या असे समजावे. लिनक्ससाठी जागा विंडोजमधूनच मोकळी करावी. विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे, कारण त्यात ती पूर्ण थांबत नाही, अर्धवट निजते. अशा निजलेल्या विभागात लिनक्सने लिहिल्यास फायली बिघडण्याचा संभव असतो. निवडलेल्या वितरणाचा शिम स्वाक्षरीयुक्त आहे ना, हेही आधी पाहावे. सर्वांचा तसा नसतो.

एक गंमत राहिली. जयपूरच्या जंतरमंतरातील सुमारे २७ मीटर उंचीचे सम्राट यंत्र सूर्याची स्थानिक वेळ दाखविते, तर हातातील घड्याळ भारतीय प्रमाणवेळ. प्रमाणवेळेची रेखा ८२½ अंशांवर आणि जयपूर सुमारे ७५ अंश ४९ कलांवर; म्हणून सरासरीने २७ मिनिटांचा फरक पडतो. दोन्ही खरीच, पण रूपांतर करावे लागते. संगणकातही तसेच घडते. आतील घड्याळात विंडोज स्थानिक वेळ लिहिते, लिनक्स जागतिक वेळ. लिनक्सने दुपारी १२ वाजता ६:३० अशी नोंद केली की नंतर उघडलेली विंडोज तिला सकाळचे साडेसहा समजते. लिनक्सला स्थानिक वेळ पाळावयास सांगितले, की हा साडेपाच तासांचा घोळ मिटतो.