अहवालात वाढ, विहिरीत खडखडाट

प्रश्न : भूजल अहवालात आमच्या तालुक्याची पातळी वाढलेली दिसते; माझी विहीर मात्र मार्चमध्येच आटली. आकडे खोटे समजायचे का?

उत्तर : खोटे नाहीत, विरळ आहेत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते : जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. ‘वाढ’ ठरते ती मागच्या पाच वर्षांच्या सरासरीवरून. ती वर्षेच कोरडी असतील, तर थोडे पाणीही वाढच! शिवाय आपला कातळ भेगांत आणि मुरमात पाणी धरतो. बांधापलीकडची विहीरही वेगळी वागते. खरी गोम उपशात आहे. तो बहुतेक ठिकाणी मीटरने मोजलाच जात नाही. विहिरींची संख्या आणि पिके यांवरून अंदाज बांधतात. (आपल्या बोअरची नोंद किती जण करतात?) तुमच्या पाणलोटातली निरीक्षण विहीर कोणती, हे जिल्हा कार्यालयात विचारा आणि तिच्याशी ताडून पाहा.