पान उलटून बघ

अगं, रोज पाणी घालतेस म्हणून तर तुझा मनीप्लांट पिवळा पडतोय. घरातली झाडं तहानेनं जातात त्यापेक्षा बुडून जास्त जातात. मुळांनाही हवा लागते. माती कायम ओली राहिली की ती कुजतात, मग पाणी वर चढत नाही आणि झाड सुकल्यासारखं दिसतं. ते बघून आपण आणखी एक तांब्या ओततो! त्यापेक्षा बोट 2 पेरं मातीत खुपस. ओली माती बोटाला चिकटून आली तर त्या दिवशी पाणी नाही. स्नेक प्लांटला तर पावसाळ्यात 15 दिवस विसरलीस तरी चालेल.

सासूबाई तुळशीला रोज पाणी घालायच्या, पण पावसाळ्यात पळीनं. नेमही मोडत नसे आणि तुळसही सडत नसे. मंजिऱ्या आल्या की लगेच खुडायच्या, कारण बी धरलं की तिची पानं वाढायची थांबतात.

आता तुझ्या धुळीचं. खिडकीखाली रस्ता आणि समोर बांधकाम, म्हणजे 4 दिवसांत पानावर बोटानं नाव लिहिता येत असेल. तो थर उजेड अडवतो. जुन्या धोतराचा नाहीतर सुती साडीचा तुकडा ओला करून घट्ट पिळ, एक हात पानाखाली धर आणि देठाकडून टोकाकडे पूस. मग पान उलटून खालची बाजूही पूस. पान श्वास घेतं ती छिद्रं बहुतेक झाडांत खालीच असतात आणि कीडही तिथेच लपते. खरं सांगू? पुसणं हे निमित्त. त्या निमित्तानं प्रत्येक पान एकदा डोळ्यांखालून जातं. आजारी वाटणारं झाड मात्र शेवटी पूस, नाहीतर त्याच फडक्यानं घरभर कीड वाटशील. पानओव्यासारखी लव असलेली पानं चोळू नकोस. कोरड्या मऊ ब्रशनं झटकलीस की झालं.

चकाकीसाठी दूध, खोबरेल असलं काही लावायचं नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी पाहुणे येणार म्हणून मी रबराच्या झाडाला खोबरेल चोळलं होतं. झाड त्या दिवशी नवरदेवासारखं दिसलं. आठवड्याभरात त्या तेलावर धुळीचा असा लेप बसला की पान न् पान साबणाच्या पाण्यानं धुवायला अख्खी दुपार गेली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

जास्वंदीवर मुंग्यांची रांग दिसली तर मुंग्यांवर चिडू नकोस, त्या जातात कुठे ते बघ. पानाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर ते पिठ्या ढेकूण. कोवळ्या शेंड्यावर हिरवे-काळे ठिपके दाटले असतील तर मावा. दोघेही रस शोषतात आणि गोड चिकटा सोडतात. मुंग्या त्यासाठी येतात आणि गवळ्यानं गाई राखाव्यात तशी ती कीड राखतात. त्याच चिकट्यावर पुढे काळी बुरशी धरते. थोडी कीड असेल तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून टिपून घे. जास्त असेल तर लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे 2-3 थेंब घाल, त्याशिवाय तेल पाण्यात मिसळत नाही. आधी एका पानावर मारून बघ. ऊन उतरल्यावरच फवार, नाहीतर पानं करपतात. एकदा मारून भागत नाही, कारण अंडी मागे राहतात. आठवड्याच्या अंतरानं 3 वेळा कर.

नर्सरीतून आणलेलं झाड 15 दिवस वेगळं ठेव. पाहुण्याच्या पिशवीतून ढेकूण येतात, तसंच हे.

कुंडीखालची ताटली दर आठवड्याला नुसती ओतू नकोस, घास. डेंग्यूच्या डासाची अंडी काठाला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. बाटलीतल्या मनीप्लांटचं पाणीही त्याच दिवशी बदल. आणि चहाचा चोथा दूध-साखरेसकट ओतायचा नाही, आधी धुवायचा. मुंग्या आणि चिलटं फुकट कशाला बोलवायची?

दिवाळीत 8 दिवस इकडे येशील तेव्हा कुंड्या उन्हातून आत घे. शेजारी जरा उंचावर पाण्याची बादली ठेव. सुती दोरीचं एक टोक बादलीच्या तळाशी आणि दुसरं मातीत खुपस. पाणी वातीसारखं हळूहळू उतरत राहतं. निघायच्या आधी 2 दिवस करून बघ, म्हणजे दोरी पुरते का ते कळेल.

आणि येताना तुझ्या मनीप्लांटची एक चांगली कांडी गाठीच्या खाली कापून ओल्या कागदात गुंडाळून आण. माझा यंदाच्या पावसात गेला. पाणी जरा जास्तच झालं.