घुम्या बापाला पत्र

अमळनेर, रविवार

चि. दादू,


सातपूरहून येऊन आठ दिवस झाले, तरी कानात तुझ्या छकुलीचं "बाबाबा" आहेच. त्यावर फार खूश होऊ नकोस. या वयात सगळीच पोरं ते म्हणतात, त्यात तुझं नाव अजून नाही.

एक गोष्ट सूनबाईसमोर बोलले नाही, म्हणून लिहिते. सेकंड शिफ्ट करून तू रात्री साडेअकराला येतोस. दुसऱ्या दिवशी कंपनीची बस येईपर्यंत पोरगी तुझ्या मांडीवर असते आणि मोबाइल हातात. ती तुझ्या तोंडाकडे बघून काहीतरी म्हणते. तू बघत नाहीस. ती पुन्हा म्हणते. तिसऱ्यांदा पंख्याकडे बघते. मी हे मोजत बसले होते. रागावू नकोस, अंगणवाडीत उभा जन्म हेच केलं.

तू म्हणालास, "आत्या, मला लहान मुलांशी बोलताच येत नाही, मी मुळात घुमा." अरे, बडबड कर असं सांगतंय कोण? २००३ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. आठ महिन्यांची मुलं आणि त्यांच्या आया. निम्म्या आयांनी बाळानं आवाज काढला की लगेच हसायचं, जवळ सरकायचं, हात लावायचा. उरलेल्यांनीही तेवढंच हसायचं, तेवढंच कुरवाळायचं, पण बाळाच्या आवाजाशी मेळ न ठेवता. पहिल्या मुलांचे आवाज तेवढ्या वेळातच सुधारले, अक्षरांसारखे फुटू लागले. दुसऱ्यांचे नाही. लाड सारखेच होते, वेळ तेवढी चुकली. यात घुम्या माणसाला न जमण्यासारखं काय आहे?

आणि तिला लावून देतोस ते बालगीतांचं चॅनल. त्याच वर्षी सिएटलमध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन मुलांशी चिनी बोलणारी माणसं बारा वेळा समोर बसून खेळली, तर मुलांना त्या भाषेतले बारीक उच्चार ओळखू आले. तीच माणसं टीव्हीवर दाखवली, तर काहीच नाही. छकुली मधे काही म्हणाली म्हणून तुझं गाणं थांबतं का?

बोलशील तेव्हा अहिराणीत बोल. सोसायटीतले हसतील म्हणून तू तिच्याशी पुस्तकी बोलतोस आणि दोन वाक्यांत अडतोस. "काय व्हयनं वं माय?" एवढं विचार आणि थांब. तिला उत्तर जुळवायला वेळ लागतो. आपण मोठी माणसं मधेच दुसरा प्रश्न टाकतो.

एक सांगून ठेवते. पाठीमागून हाक मारून ती वळली नाही, किंवा हे "बाबाबा" बंद पडलं, तर त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये कान तपासून घे. माझ्या अंगणवाडीतल्या एका आईला मी "वेळ आली की बोलेल" म्हटलं होतं. पोरीला ऐकूच येत नव्हतं. वर्ष गेलं. ते माझ्याच्यानं विसरवत नाही.

तुझे आप्पाही घुमेच. पण दाढी करताना तू झोळीतून "अग्गू" केलंस की साबण लावलेल्या तोंडानं वळून "हां" म्हणायचे. पुन्हा आरशात बघायचे. तू पुन्हा "अग्गू" करायचास. त्यांना फर्स्ट शिफ्टला कितीदा उशीर झाला त्याचा हिशेब तुझ्या आईकडे आहे.

पुढच्या रविवारी व्हिडिओ कॉल करते. तिला "आत्याआजीला टाटा कर" म्हणून हलवू नकोस. आधी तिला बोलू दे, मी थांबते.

तुझी,
आत्या