मुसीचा काठ आणि नगररचना

नदीकाठची जमीन मोलाची खरी. पण तिच्यावर पहिला हक्क कोणाचा? आमच्या हैदराबाद शहराच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर सापडते.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला आणि काठची वस्ती वाहून गेली. सुमारे १५,००० माणसे दगावली असे मानतात. अफझलगंजातील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे १५० जण वाचले, असे सांगतात. तो वृक्ष उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात आहे.

त्यानंतर निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. पुण्यास स्थापत्यविद्या शिकलेल्या या अभियंत्यांनी खडकवासल्याच्या धरणास स्वयंचलित दरवाजे बसविले होते. त्यांनी दोन उपाय सुचविले : शहराच्या वरच्या बाजूस जलाशय बांधून पूर अडवावा, आणि शहरातील काठ उंच करून तेथे बागा व फिरण्याचे रस्ते करावेत. त्यानुसार १९२० मध्ये मुसीवर उस्मानसागर व १९२७ मध्ये ईसी नदीवर हिमायतसागर झाला. १९१२ साली नगरसुधार मंडळ स्थापन झाले. काठावर उच्च न्यायालय, रुग्णालय व सिटी कॉलेज उभे राहिले. काठ सार्वजनिक उपयोगास लाभला.

परंतु जलाशयांचे रक्षण धरणाच्या भिंतीने होत नाही, ते पाणलोट क्षेत्राच्या जमिनीवर अवलंबून असते. मोकळी माती पाणी जिरविते; सिमेंटने झाकलेली जमीन ते एकदम लोटून देते. म्हणून १९९६ च्या सरकारी आदेशाने दोन्ही जलाशयांभोवती १० किलोमीटरपर्यंत ८४ गावांत मोठ्या बांधकामांवर व प्रदूषक कारखान्यांवर निर्बंध घातले. २०२२ मध्ये नव्या आदेशाने ते उठविण्यात आले. जमिनीचा वापर कागदावर बदलतो. पाण्याची वाट मात्र बदलत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये जलाशयांतून पाणी सोडताच महात्मा गांधी बसस्थानकात पुराचे पाणी शिरले.

मुसीकाठच्या विकासासाठी २०१७ मध्ये स्वतंत्र महामंडळ निघाले. २०२४ मध्ये पात्रातील घरांवर खुणा करण्यात आल्या, तेव्हा अनेक कुटुंबांपुढे घराचा प्रश्न उभा राहिला. पुराच्या तोंडी वस्ती ठेवणे धोक्याचे. परंतु रोजगार, शाळा यांपासून दूर फेकणे हाही दुसरा पूरच होय.

म्हणून योजनेचा क्रम असा असावा, असे आम्हांस वाटते : प्रथम नदीस वाट, मग विस्थापितांस जवळच निवारा, मग सर्वांस मोकळा काठ, आणि उरलेल्या जमिनीवर व्यापार. विद्यार्थिमित्रहो, नव्या पुलावरून जाताना हा क्रम कोठे पाळला गेला आणि कोठे उलटला, ते अवश्य पाहा.