अग्निबाण : शेजारचा आणि आपल्या हातचा

पहिल्यांदाच सांगते, माझं शालेय शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं आहे. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ कुठे घसरलं तर सांभाळून घ्या. विषय मात्र माझ्या आवडीचा आहे. रॉकेटची मॉडेल्स बनवणं, ती रंगवणं आणि जमेल तेव्हा उडवणं हा माझा छंद. हॉस्टेलवर 'हे कसं करायचं गं?' असं विचारणारे खूप भेटतात. प्रत्येकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच व्यवस्थित लिहावं म्हणून हा लेख.

रॉकेट म्हटलं की आपल्याला केप कॅनव्हेरल नाहीतर श्रीहरिकोटा आठवतं. पण आपल्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे, हे किती जणांच्या लक्षात येतं? शेठ वालचंद हिराचंद यांच्या नावाचं हे गाव. साखर कारखान्यांची यंत्रं बनवण्यासाठी तिथली वालचंदनगर इंडस्ट्रीज प्रसिद्ध आहे. हीच कंपनी इस्रोच्या रॉकेटसाठी घन इंधनाच्या मोटरची कवचं म्हणजे केसिंग बनवत आली आहे. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ घेऊन एलव्हीएम-३ उडालं. त्याच्या दोन्ही बाजूंना एस-२०० नावाचे जे जाड बूस्टर होते, त्यांच्या कवचाचे भाग या कंपनीने पुरवले होते. उड्डाणाच्या वेळी फक्त हे दोन बूस्टर पेटतात, मधलं इंजिन जवळजवळ दोन मिनिटांनी सुरू होतं. म्हणजे सुमारे ६४० टनांचं धूड जमिनीवरून उचलायचं काम या दोघांचंच. एकेकात २०० टनांहून जास्त इंधन असतं आणि ते श्रीहरिकोटातच भरलं जातं. आपल्या भागातून जातं ते रिकामं कवच. पण ते कवच टिकलं नाही तर पुढचं काहीच नाही.

आणखी एक नाव सांगायला हवं. घन इंधनाचं काम भारतात उभं करण्यात डॉ. वसंत गोवारीकर यांचा मोठा वाटा होता. हा पुण्यात जन्मलेला मराठी माणूस. ते १९७९ ते १९८५ या काळात तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते. भारताच्या एसएलव्ही-३ ने १८ जुलै १९८० रोजी रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला, तो त्यांच्याच कारकिर्दीत. आणि 'बाण' हा शब्द तर आपल्याकडे जुनाच. मराठ्यांच्या फौजेतही बाण फेकणारे असत. आपण दिवाळीत अजूनही त्यालाच बाण म्हणतो. असो.

छंद कसा सुरू झाला

मॉडेल रॉकेटचा छंद अमेरिकेत सुरू झाला. नेब्रास्का राज्यात ऑर्व्हिल कार्लाइल नावाचे बुटांचे दुकानदार होते. त्यांनी १९५४ मध्ये एक छोटी, तयार, बदलता येणारी मोटर आणि कागदी नळीचं रॉकेट बनवलं. ४ ऑक्टोबर १९५७ ला रशियाचा स्पुटनिक उडाला आणि तिकडच्या पोरांना रॉकेटचं वेडच लागलं. घरोघरी कुठली कुठली पावडर नळीत ठासायला सुरुवात झाली आणि अपघात होऊ लागले. तेव्हा जी. हॅरी स्टाइन यांनी कार्लाइलच्या कल्पनेवरून हा छंद सुरक्षित केला. नियम साधे : मोटर कारखान्यात बनलेलीच वापरायची, रॉकेटचं अंग कागद, लाकूड किंवा प्लॅस्टिकचं ठेवायचं आणि पेटवायचं ते लांबून, विजेच्या तारेने.

आता आपल्याकडची गोष्ट. इथे तशा मोटर खेळण्यांच्या दुकानात मिळत नाहीत. मग एक ज्युनिअर मला विचारतो, 'ताई, लडीतले फटाके फोडून पावडर काढली तर?' त्याला जे उत्तर दिलं तेच इथे देते. नाही. फटाक्याची दारू घासली, दाबली किंवा नळीत ठासली की ती हातातच पेटू शकते. शिवाय परवान्याशिवाय स्फोटक बनवणं हा १८८४ च्या एक्स्प्लोझिव्ह्ज ॲक्टखाली गुन्हा आहे. हा कायदा राबवणाऱ्या केंद्रीय संघटनेचं, म्हणजे 'पेसो'चं, मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. नेटवर साखरेच्या इंधनाच्या कृती सापडतात. साखर कारखान्याच्या गावात राहतो म्हणून तो मोह धरू नये. इंजिनिअरला दहा बोटं लागतात.

मग उरतं काय? बरंच काही उरतं. दोन प्रकारची मॉडेल्स आपण करू शकतो : एक दाखवायचं, एक उडवायचं.

दाखवायचं मॉडेल : शेतातल्या पाइपचं एलव्हीएम-३

मोजमापं बघा. एलव्हीएम-३ ची उंची ४३.५ मीटर. बूस्टरचा व्यास ३.२ मीटर, मधल्या भागाचा ४ मीटर आणि वरच्या टोपीचा ५ मीटर. १:१०० प्रमाण घेतलं तर हे आकडे होतात ३२ मिमी, ४० मिमी आणि ५० मिमी. ओळखीचे वाटले ना? शेतीच्या पीव्हीसी पाइपचे हे बाहेरच्या व्यासाचे अगदी बाजारातले साइज आहेत! कोणाच्याही शेतावर नाहीतर हार्डवेअरच्या दुकानात तुकडे मिळतील. एकूण उंची ४३.५ सेंटिमीटर, म्हणजे अभ्यासाच्या टेबलावर आरामात मावते. वरचं टोक वर्कशॉपमध्ये लाकडाचं लेथवर काढून घ्या. सरांना आधी विचारा म्हणजे झालं.

रंगकाम हा यातला खरा संयमाचा भाग. क्रम असा ठेवा :

१. पाइप साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. हाताचं तेल लागलं तरी रंग सुटतो.

२. २२० आणि मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासा. चकाकी गेली पाहिजे. पाइपवरची छापील अक्षरंही यातच जातात.

३. प्रायमरचा पातळ हात द्या. प्रायमर मारला की सगळे ओरखडे दिसतात. ते पुट्टीने भरून परत घासा.

४. स्प्रे एक वितीपेक्षा थोडा लांब धरून, हात हलता ठेवून पातळ थर मारा. दोन थरांमध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबा. एकदाच जाड थर मारला की ओघळ येतात.

५. आधी पांढरा, मग गडद रंग. मास्किंग टेप लावण्यापूर्वी खालचा रंग एक दिवस वाळू द्या. वरचा रंग थोडा ओलसर असतानाच टेप हळूच, तिरकी ओढून काढा म्हणजे कड सरळ येते.

६. तिरंगा आणि अक्षरं स्टिकर पेपरवर छापून चिकटवा. फोटो समोर ठेवूनच रंग करा, मनाने नको.

स्प्रे खोलीत मारू नका. गच्चीवर, वारा पडलेला असताना, तोंडाला मास्क लावून मारा. आणि थर्माकोलवर स्प्रे थेट मारला तर त्यातल्या सॉल्व्हंटने थर्माकोल विरघळतं. त्यावर आधी फेव्हिकॉलचा थर द्या किंवा पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग वापरा.

जुन्या व्ही-२ आणि सॅटर्न-५ रॉकेटवर काळे-पांढरे चौकोन का असत, माहीत आहे? शोभेसाठी नव्हेत. रॉकेट स्वतःभोवती किती फिरतंय हे लांबून कॅमेऱ्यात कळावं म्हणून. तेव्हा रंगालाही काम असतं.

उडवायचं मॉडेल : पाण्याचं रॉकेट

कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली, एक तृतीयांश पाणी, बुचातून सायकलच्या ट्यूबचा वॉल आणि गेज असलेला पंप. साध्या पाण्याची बाटली चालत नाही, ती दाबासाठी बनवलेली नसते. दाब ५० पीएसआयच्या वर नेऊ नका.

५० पीएसआय म्हणजे ३,४५,००० पास्कल. बर्नोलीच्या सूत्राने पाणी बाहेर पडण्याचा वेग √(२P/ρ), म्हणजे सेकंदाला सुमारे २६ मीटर. तोंडाचं क्षेत्रफळ ३.७ चौरस सेंमी धरलं तर सुरुवातीचा जोर २PA, म्हणजे सुमारे २५५ न्यूटन. पाण्यासकट रॉकेटचं वजन किलोच्या आत, त्यामुळे ते सुसाट जातं. सगळं पाणी साधारण एका सेकंदाच्या दहाव्या भागात संपतं.

आता वालचंदनगरच्या कवचाकडे परत या. बाटली काय आणि एस-२०० काय, दोन्ही प्रेशर व्हेसलच. थर्ड इयरला शिकलो तेच सूत्र : σ = Pr/t. बाटलीची त्रिज्या ५५ मिमी, जाडी ०.३ मिमी धरा. ताण येतो सुमारे ६३ मेगापास्कल. आता रंग नीट बसावा म्हणून कोणी बाटली घासली आणि एखाद्या जागी जाडी ०.२ मिमी झाली, तर तिथला ताण ९५ होतो. दीडपट! वर ओरखड्याच्या टोकाशी तो आणखी वाढतो. म्हणून पक्का नियम : दाबाच्या बाटलीला पॉलिश पेपर लावायचा नाही, सॉल्व्हंटचा स्प्रे मारायचा नाही आणि गरम ग्लू गनने काही चिकटवायचं नाही. रंग फक्त पंख, टोक आणि बाटलीवर चढवलेल्या कागदी आवरणाला. एस-२०० साठी १८ टक्के निकेल असलेलं मॅरेजिंग स्टील वापरतात आणि वेल्डचा प्रत्येक इंच तपासतात, तो का, हे या एका गणितावरून कळतं.

रंगाचं वजन

रॉकेट सरळ जायला हवं असेल तर गुरुत्वमध्य हा वाऱ्याच्या दाबाच्या मध्याच्या पुढे, निदान एका व्यासाइतका, असावा लागतो. समजा रिकामं रॉकेट २०० ग्रॅम आहे आणि गुरुत्वमध्य टोकापासून ३० सेंमीवर आहे. पंखांवर, म्हणजे टोकापासून ७० सेंमीवर, २० ग्रॅम रंग चढला. नवा गुरुत्वमध्य (२००×३० + २०×७०) ÷ २२० = ३३.६ सेंमी. नुसत्या रंगाने तो साडेतीन सेंमी मागे सरकला! तो परत जागेवर आणायला टोकापासून ५ सेंमीवर ३२ ग्रॅम माती भरावी लागेल. करून बघा, उत्तर बरोबर ३० येतं. म्हणून पंखांवर रंग पातळ.

खात्री करायची सोपी रीत : गुरुत्वमध्याला पक्की दोरी बांधा आणि मोकळ्या जागी रॉकेट डोक्याभोवती गरगर फिरवा. टोक पुढे ठेवून फिरलं तर पास. आडवं-उलटं झालं तर टोकात वजन वाढवा.

उडवताना मोकळा माळ निवडा. वस्ती, विजेच्या तारा, रस्ता आणि बारामतीच्या धावपट्टीची बाजू पूर्ण टाळा. सुटका लांब दोरीने, दहा मीटरवरून करा. दाब भरल्यावर कोणीही बाटलीवर वाकायचं नाही. उंची मोजायला ५० मीटरवर उभे राहा आणि कोनमापकाला ओळंबा बांधून कोन बघा. कोन ५० अंश आला तर ५० × टॅन ५० म्हणजे जवळजवळ ६० मीटर, अधिक तुमच्या डोळ्यांची उंची.

एवढ्यात काय झालं बघा : फ्लुइड मेकॅनिक्स, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, वर्कशॉप आणि ट्रिगोनोमेट्री, चारही विषय एका बाटलीत आले. खर्च मेसच्या दोन-चार जेवणांचा. ज्या ज्युनिअरने पावडरचं विचारलं होतं, तो सध्या ३२ मिमीचा पाइप घासत बसलाय. ४०० नंबर संपला की ताईकडे मागायला येतो. तुम्हीही या, पेपर आहे माझ्याकडे.