काटकसरीचा हिशेब

रोहिणी नक्षत्र सरत आले की आपल्या कोहमाऱ्याच्या परिसरात घरोघरी धानाचे बियाणे बाहेर निघते. जाणता शेतकरी ते तसेच पऱ्ह्यात टाकीत नाही. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात तो धान सोडतो. भरीव दाणा तळाशी बसतो, पोकळ व रोगट दाणा वर तरंगतो. तरंगणारा दाणा काढून टाकून, तळचा दाणा दोनतीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन तो सावलीत वाळवितो. आता, ताटातले शीतही टाकू नये अशी जेथे शिकवण, त्या घरात धान असे काढून टाकणे ही उधळपट्टी म्हणावी काय? तो दाणा राखला तर मापभर बियाणे वाचेल खरे; परंतु रोपे दुबळी निघतील आणि जे मापाने वाचविले ते कापणीच्या वेळी पोत्यांनी भरून द्यावे लागेल.

यावरून दिसेल की काटकसर हा स्वभावापेक्षा गणिताचा विषय अधिक आहे, आणि गणित आपण बहुधा चुकीच्या जागी मांडतो. भिंतीला लटकत राहिलेल्या मोबाइलच्या चार्जरवरून घरात केवढा वाद होतो! नुसता लावून ठेवलेला चार्जर पाव वॅट वीज खातो असे धरले, तर वर्षभरात सुमारे २ युनिट होतात. युनिटचा दर ५ रुपये धरल्यास ही रक्कम १० रुपयांच्या आसपास भरते. त्याच घरात ६० वॅटचा जुना दिवा रोज ५ तास जळत असेल, तर तो वर्षाला सुमारे ११० युनिट घेतो. तेवढाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी दिवा १६ युनिटांत भागवितो. म्हणजे फरक ९० युनिटांहून अधिक, अर्थात साडेचारशे रुपयांच्या वर. पण नवा दिवा महाग म्हणून जुनाच चालू राहतो, आणि बोलणी मात्र चार्जर विसरणाऱ्या पोराला बसतात. नववीच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या घरचे वीजबिल घेऊन हे उदाहरण स्वतः सोडवून पाहावे.

काही ठिकाणी मात्र पैशांचे गणित मांडणेच अयोग्य होय. मण्यार हा विषारी सर्प बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसास चावतो. त्याच्या दंशाने पुष्कळदा सूजही येत नाही, फारशी वेदनाही होत नाही. त्यामुळे घरची मंडळी म्हणतात, "रात्री गाडी कशाला करता, उजाडल्यावर पाहू." उजाडेपर्यंत पापण्या जड होतात, गिळता येईनासे होते, श्वास अडखळतो. गाडीभाड्याचे जे चारपाचशे रुपये वाचले, ते कोणासाठी वाचले? सरकारी रुग्णालयात सर्पविषावरील लस विनामूल्य मिळते, आणि २०१४ सालापासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिकाही विनामूल्य येते, हे पालकांनी ध्यानात ठेवावे. तसेच खाटेवर नीट खोचून लावलेली मच्छरदाणी हिवतापाच्या डासाप्रमाणेच या सर्पासही दूर ठेवते. फाटलेली मच्छरदाणी आणखी एक पावसाळा चालविणे यासारखा महाग व्यवहार दुसरा नाही.

एका माणसाच्या हातून जी चूक होते ती सगळ्या मुलखाच्या हातूनही होऊ शकते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. त्यांस आपण मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणतो. त्यांपैकी पुष्कळ कोहळी समाजाने बांधले, आणि नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय त्यांच्याच कर्तृत्वाची साक्ष देतो. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, आणि ती गेली हे बरेच झाले. पण तलाव सरकारकडे आले तेव्हा त्यांचा गाळ काढणारे हात मागे राहिले. गाळ काढण्यास खर्च लागतो आणि न काढल्याने त्या वर्षी काहीच बिघडलेले दिसत नाही. म्हणून तो खर्च दरवर्षी वाचविला गेला. तलाव मात्र बोटाबोटाने उथळ झाले, आणि गरभ्या धानाला शेवटचे पाणी द्यावयाच्या वेळी ते आटू लागले. २०१७ साली राज्य सरकारने जलाशयांतील गाळ काढून शेतांत टाकण्याची योजना काढली. जो गाळ तलावात अडचण होता तोच बांधीत खत झाला.

योहानाच्या शुभवर्तमानात याविषयी दोन प्रसंग आहेत, ते शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. पाच हजारांच्या जेवणानंतर उरलेले तुकडे प्रभूने वेचावयास लावले, आणि बारा टोपल्या भरल्या. त्याच प्रभूने पुढे बेथानी येथे मरियेने त्याच्या पायांस ओतलेल्या मोलवान जटामांसी तेलाबद्दल तिला दोष लागू दिला नाही. त्या तेलाची किंमत तीनशे दीनार, म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षाची कमाई. हा पैसा वाचवावयास हवा होता, असे म्हणणारा यहूदा होता, आणि थैली त्याच्याच हाती होती!

आता पालकांशी दोन शब्द. मोहफूल पहाटे गळते, आणि त्याचा हंगाम नेमका दहावीच्या परीक्षेच्या महिन्यात येतो. कित्येक घरांत त्या दिवसांची तीच रोख मिळकत असते. तेव्हा मुलांनी वेचणीस हातच लावू नये असे म्हणण्याचा अधिकार कोणाही शिक्षकास नाही. सूर्य वर येईपर्यंत फुले वेचून शाळेत येणारा विद्यार्थी काही गमावीत नाही. परंतु एका मजुराचा रोज वाचावा म्हणून परीक्षेच्या तोंडावर पंधरा दिवस मुलीला घरी ठेवणे, आणि बहुधा मुलीलाच ठेवतात, हा हिशेब जुळत नाही. ती नापास झाली तर पुरवणी परीक्षेचे शुल्क, जाण्यायेण्याचा खर्च आणि अकरावीच्या प्रवेशाचा खोळंबा हे सारे त्या पंधरा रोजांवर चढते. आणि एकदा शाळा सुटलेली मुलगी बहुधा परत येत नाही. रोवणीत आपण एकमेकांच्या बांधीत जाऊन राबतोच. तसेच परीक्षेचे वेळापत्रक लागताच ज्या घरी दहावीची मुले आहेत त्यांची मोहाची झाडे शेजाऱ्यांनी पाळीपाळीने सांभाळावीत, आणि त्यांच्या मुलांची पाळी येईल त्या वर्षी ही परतफेड व्हावी. वेळापत्रकाची प्रत शाळेच्या फळ्यावर लागते. ज्यांना ती वाचता येत नसेल त्यांना घरी येऊन सांगावयास आम्ही तयार आहोत.